चौकशी आणि संमती : एल्फिन्स्टनचा अहवाल वाचताना



आज एकच ग्रंथ घेतोय. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यानं १८१९ साली पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखावर लिहिलेला अहवाल. तो जामनेरात बसून वाचायला मला आवडतं, कारण ज्या प्रदेशाबद्दल तो बोलतो त्यात आपलं खानदेश आहे. प्रश्न साधा आहे. सातासमुद्रापलीकडून आलेला माणूस नव्यानं हाती आलेल्या मुलखात मुलकी कारभार बसवतो, म्हणजे नेमकं काय करतो?

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. १८१८ च्या जानेवारीत मंदसौरचा तह झाला आणि खानदेशातला होळकरांचा भाग इंग्रजांकडे गेला. पेशव्यांचा भागही त्याच वर्षी गेला. थाळनेरला किल्लेदाराला फासावर चढवलं. मालेगावचा किल्ला अरब शिबंदीनं लढवला, तो जूनमध्ये पडला. आणि मग धुळ्याला कॅप्टन ब्रिग्ज कारभार बघायला बसला. पुण्याला रॉबर्टसन, नगरला पॉटिंजर, तेही कॅप्टनच. हुद्दा लष्करी, काम मुलकी.

आता अहवालाकडे वळू. याचा मोठेपणा आधी मान्य केला पाहिजे. त्याच सुमारास जेम्स मिलनं भारतात पाऊल न ठेवता भारताचा इतिहास लिहिला. एल्फिन्स्टन तसा नाही. पाटील काय करतो, कुलकर्णी काय लिहितो, देशमुखाचा हक्क कुठून येतो, पंचायत कशी बसते, हे तो आपल्या अधिकाऱ्यांकडून, जाणकारांकडून खोदून काढतो. आणि म्हणतो, घाईनं मोडू नका. आहे ते नीट चालवा. जेत्यामध्ये हा संयम दुर्मीळच.

मग माझी हरकत काय? त्यानं चौकशी भरपूर केली, संमती घेतली नाही. तुमच्याकडे काय चालतं, हा एक प्रश्न. आम्ही काय चालवावं, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर देणारा माणूस माहितीचा स्रोत असतो. दुसऱ्याचं उत्तर देणाराच नागरिक.

पंचायतीचंच घ्या. एल्फिन्स्टनला ती टिकवायची होती, मनापासून. पण पंचायतीचा निवाडा पाळला जाई तो गावाच्या दाबानं. धनको ऋणकोच्या दारात तगादा लावून बसे, जातभाई बोलत, पाटील मध्ये पडे. हा दाब एकदा सरकारच्या हाती गेला की मागे उरते नुसती बैठक. एल्फिन्स्टन पुढे मुंबईचा गव्हर्नर झाला. १८२७ मध्ये त्याच्याच नावानं ओळखली जाणारी कायद्यांची संहिता आली, लेखी नियम आणि न्यायालयांची उतरंड पक्की झाली, आणि पंचायत बाजूला पडली. कुणी बंदी घातली नव्हती बरं का! संस्थेचं नाव राखलं, तिचं बळ काढून घेतलं.

आणि ज्यांना विचारलं नाही ते गप्प बसले का? सातपुड्यातल्या, सातमाळ्यातल्या भिल्लांचे गावांवर राखणीचे हक्क होते. घाट अडवले, रसद तोडली, सैन्य पाठवलं. बंड पुन्हा पुन्हा उठलं. शेवटी तनखे द्यावे लागले, माफी द्यावी लागली. १८२५ मध्ये बावीस वर्षांचा आउट्रम धरणगावला भिल्ल पलटण उभारू लागला, तोही त्यांच्यासोबत शिकारी करून, त्यांचा विश्वास मिळवून. १८५२ मध्ये जमीन मोजणीविरुद्ध एरंडोल, सावदा, फैजपूर भागातले शेतकरी उठले, तेव्हा सैन्यच आलं. मोजणी कशी करावी हे त्यांना विचारलं होतं कुठे?

गंमत बघा, १८३० मध्ये जमिनीवरच्या कराविरुद्ध इंग्रजीत मोठा ग्रंथ लिहिला तो याच ब्रिग्जनं! जमीन कसणाऱ्याची आहे, सरकार साऱ्या उत्पन्नाचं मालक नव्हे, असं तो म्हणतो. माणूस डोळस होता. पण त्याचं उत्तरदायित्व वरच्या साहेबाशी होतं, एरंडोलच्या कुणब्याशी नव्हतं. म्हणून कारभार भल्या माणसांच्या हाती होता एवढ्यानं माझं समाधान होत नाही.

कुणी म्हणेल, जिंकलेल्या मुलखात संमती कशी घ्यायची? गोव्याकडे बघा. डिसेंबर १९६१ मध्ये सैन्य गेलं, जनरल कॅंडेथ लष्करी गव्हर्नर झाले. जून १९६२ मध्ये मुलकी कारभार आला, डिसेंबर १९६३ मध्ये विधानसभेची निवडणूक झाली. जानेवारी १९६७ मध्ये जनमत कौल. पर्याय दोनच होते, हे खरं. मी तेव्हा शाळेत होतो. गोवा महाराष्ट्रात यावा असं आम्हां पोरांना फार वाटे. कौल उलटा लागला, वाईट वाटलं. आज वाटतं, आपल्या मनाविरुद्ध उत्तर येऊ शकतं अशा प्रश्नालाच खरं विचारणं म्हणतात.

एल्फिन्स्टनचा अहवाल जरूर वाचा. माणसं कशी समजून घ्यावीत हे तो शिकवतो. आणि आपल्या गावात एखादी योजना येईल, साहेब वही घेऊन माहिती विचारायला येतील, तेव्हा माहिती जरूर द्या. मग त्यांना एवढंच विचारा : साहेब, आम्ही नाही म्हटलं तर?