ऑगस्टिन, स्टीफन्स आणि मुळशीची ओवी

विद्यार्थ्यांस संगीताची गोडी लावावी, याविषयीं कोणाचें दुमत नसतें. ती कोणत्या गाण्यापासून लावावी हा प्रश्न निघाला कीं मतें फुटतात. ख्रिस्ती पंडितांच्या प्राचीन शिक्षणक्रमाचे अभिमानी बहुधा एकच वाट दाखवितात: आधीं ग्रेगोरियन गायन, मग बाख, मग हँडेल. बाखच्या थोरवीविषयीं आमची तक्रार नाहीं. परंतु ज्या परंपरेच्या नांवानें हें सांगितलें जातें, ती स्वतः काय सांगते हें पाहणें अवश्य आहे.

त्या शिक्षणक्रमांत संगीत ही करमणूक नव्हे. अंकगणित, भूमिति व ज्योतिष यांच्या पंक्तीस बसणारी ती चौथी विद्या. संत ऑगस्टिन यांनीं इ. स. ३८७ च्या सुमारास आरंभिलेला संगीतावरील ग्रंथ गुरुशिष्यसंवादाच्या रूपाचा आहे. त्याच्या सहा भागांपैकीं पहिले पांच लय आणि छंद यांनाच वाहिलेले आहेत. शिष्य लघुगुरु मोजतो, विराम कोठें हवा तें कानानें ओळखतो. सहाव्या भागांत गुरु त्यास नाशवंत नादाकडून अविनाशी प्रमाणाकडे नेतात. पण ही सारी मोजणी शिष्याच्या परिचयाच्या लॅटिन छंदांवर होते, हें आमच्या पुरस्कर्त्यांच्या ध्यानांत येत नाहीं. मराठी मुलाच्या बाबतींत त्या छंदांची जागा ओवीची आहे.

हें आम्ही नवीन सांगत नाहीं. इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स १५७९ सालीं गोव्यास आले आणि त्यांचें ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ सालीं छापून निघालें. जुनीं पुराणें आम्हांस बंद केलीं, मग त्यांच्या जागीं दुसरें कांहीं द्या, अशी नवख्रिस्ती लोकांची मागणी त्या ग्रंथांतच नमूद आहे. जें हिरावलें गेलें त्याची भरपाई म्हणून हें पुराण आलें, ही गोष्ट वाचकानें विसरूं नये. पण भरपाई करतांना स्टीफन्स यांनीं लॅटिन छंद आणला नाहीं. सुमारें ११,००० ओव्या रचल्या, आणि त्या गोव्याच्या चर्चांतून मोठ्यानें म्हटल्या जात. यमकानें बांधलेले तीन चरण आणि आखूड चौथा, ही ग्रांथिक ओवी टाळीवर म्हणून पाहावी. तिन्ही चरणांनीं वाढविलेली अपेक्षा चौथ्यांत कशी टेकते, तें दहा वर्षांच्या मुलासहि कळेल. सिद्धांतविवरणांत स्टीफन्स यांची ओवी जड होते. कथा सुरू होतांच ती पुन्हां मोकळी वाहते.

ओवीचें दुसरें रूप ऐकण्यास पुणेकरांनीं गोव्यास जाण्याचें कारण नाहीं. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनीं जमविलेल्या, एक लाखाहून अधिक जात्यावरील ओव्यांच्या संग्रहांत मुळशी तालुक्यांतील स्त्रियांच्या ओव्या पुष्कळ आहेत, आणि त्यांचीं ध्वनिमुद्रणें उपलब्ध आहेत. गिरण्यांनीं घरचें जातें थांबविलें, तरी गळा राहिला. गळा हा त्या स्त्रियांचाच चालीसाठींचा शब्द. येथें ओवी बहुधा दोनच ओळींची. एक बाई आरंभ करते, दुसरी उचलते, अर्धा चरण पुन्हां येतो. माप पुस्तकाचें नव्हे, दगडाच्या फेऱ्याचें.

गाण्याच्या अर्थापेक्षां गाणेंच आपणांस अधिक हलवितें, याची ऑगस्टिन यांस मोठी बोच होती. आपल्या आत्मनिवेदनाच्या दहाव्या भागांत त्यांनीं ती बोलून दाखविली आहे. मुळशीच्या ओवीस ही बोच लागत नाहीं. थोड्याशा स्वरांची ती चाल माहेराच्या किंवा पंढरीच्या आठवणीपुढें धांवत नाहीं.

विठ्ठलाचें नांव येतें म्हणून ख्रिस्ती शाळेनें ही ओवी वर्ज्य मानावी काय? १८९५ सालीं बाप्तिस्मा घेतलेले नारायण वामन टिळक आपण तुकोबांच्या सेतूवरून ख्रिस्ताकडे आलों असें सांगत. ज्यांस सेतु चालतो त्यांस ओवी कां चालूं नये, तें आम्हांस समजत नाहीं. बाखच्या पॅशन-संगीतांतील कोराल तरी काय होते? तेथील उपासकांस तोंडपाठ असलेलीं, त्यांच्याच भाषेंतील गीतें. ओवीवर तयार झालेला कान त्या कोरालांतील विराम लवकर ओळखील.

ध्वनिमुद्रण ऐकवितांना शिक्षकानें पहिल्या खेपेस शब्दांचा अर्थ सांगूं नये. जात्याचा फेरा कोठें पुरा होतो, तेवढेंच मुलांस विचारावें.