ठेवा आणि वारसदार : अरबी देशांतील वस्तुसंग्रहालये

अरबी भाषेत वस्तुसंग्रहालयाला 'मतहफ' म्हणतात. ज्या धातूपासून हा शब्द सिद्ध झाला त्याच धातूपासून 'तुहफा' म्हणजे अपूर्व वस्तू, नजराणा, हाही शब्द निघाला. आणि तोच पुढे फारसीच्या वाटेने 'तोहफा' होऊन आपल्याकडे आला. एकोणिसाव्या शतकातील कैरोकर मात्र संग्रहालयाला 'अंतिकखाना' म्हणत. युरोपीय भाषांतून आलेल्या 'अंतिका'ला 'खाना' जोडून केलेली ही घडण जामदारखाना, सिलेखाना हे शब्द बखरींत वाचलेल्या मराठी वाचकास परकी वाटू नये. तिसरा शब्द 'आथार', म्हणजे मागे उरलेल्या खुणा. सय्यद अहमद खान यांनी १८४७ साली दिल्लीच्या वास्तूंवर जो ग्रंथ लिहिला त्याच्या 'आसार-उस-सनादीद' ह्या नावातील 'आसार' तो हाच. नजराणा, कोठार आणि खूण : अरब समाजात वस्तुसंग्रहालयाने आजवर बजावलेल्या भूमिका ह्या तीन शब्दांत बऱ्याच अंशी सामावल्या आहेत, असे म्हणावयास हरकत नाही.

आरंभ नजराण्यापासून झाला. १८३५ साली मुहंमद अलीने प्राचीन वस्तू देशाबाहेर नेण्यास बंदी करणारा हुकूम काढला आणि कैरोत एक लहानसा संग्रह उभा राहिला. परंतु अवघ्या वीस वर्षांत, १८५५ साली, त्यातील उरलेसुरले सारे सईद पाशाने पाहुण्या म्हणून आलेल्या ऑस्ट्रियाच्या आर्चड्यूक मॅक्सिमिलियनला भेट देऊन टाकले! पुढे १८५८ साली ओग्यूस्त मारिएत ह्या फ्रेंच पंडिताच्या हाती पुराणवस्तुखाते आले, १८६३ साली बुलाक येथे संग्रहालय उघडले आणि १९०२ साली आज तहरीर चौकात दिसणारी वास्तू उभी राहिली. तिचा वास्तुशिल्पी फ्रेंच आणि दर्शनी भिंतीवरचे कोरीव लेख लॅटिन. खात्याचे प्रमुखपद १९५२ च्या क्रांतीपर्यंत फ्रेंचांकडेच राहिले.

त्याच काळात भूतकाळाची वाटणीही झाली. ग्रीक-रोमन अवशेषांसाठी अलेक्झांड्रिया (१८९२), इस्लामी कलेसाठी कैरोतील बाब अल-खल्क (१९०३), कॉप्टिक ख्रिस्ती अवशेषांसाठी जुने कैरो (१९०८), आणि फेरोंसाठी तहरीर. अभ्यासाच्या सोयीसाठी ही विभागणी समजण्यासारखी आहे. पण एकाच नदीकाठी, एकाच मातीत पिढ्यान् पिढ्या नांगर धरणाऱ्या माणसाला स्वतःचा इतिहास अखंडपणे पाहावयाचा असेल, तर त्याने चार दरवाजांपैकी कोणत्या दरवाजाने आत शिरावे, ह्याचे उत्तर त्या विभागणीत नव्हते.

इराकची कथा थोडी निराळी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास लेयार्डने निमरूद येथे काढलेल्या असीरियन शिल्पांच्या पेट्या बसऱ्याहून मुंबईमार्गे लंडनला गेल्या. त्यांतील काही मुंबईत परवानगीवाचून उघडल्या गेल्या आणि मुंबईकरांनी ती शिल्पे लंडनकरांच्या आधी पाहिली. आजही मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात असीरियन शिल्पपट आहेत. म्हणजे मेसोपोटेमियाच्या त्या विखुरणीची एक कडी आपल्याही घरात आहे. बगदादचे संग्रहालय १९२६ साली गर्ट्रूड बेल यांच्या खटपटीने उघडले. १९३४ मध्ये साती अल-हुसरी हे पुराणवस्तुखात्याचे प्रमुख झाले, आणि १९३६ च्या कायद्याने परदेशी उत्खनकांच्या वाट्यास कात्री लागली. हुसरी हे मुळात शिक्षणतज्ज्ञ. संग्रहालय ही राष्ट्राची शाळा आहे, ही दृष्टी त्यांच्या कारभारात स्पष्ट दिसते. येथपासून संग्रहालय हे नव्या राज्याचा पुरावा बनले : आम्ही पुरातन आहो, म्हणून आम्ही एक आहो.

ह्या पुराव्याची अत्यंत मर्मग्राही तपासणी एका चित्रपटाने केली आहे. शादी अब्देल सलाम यांचा 'अल-मूमिया' (१९६९) हा १८८१ साली देर अल-बहरी येथे उघडकीस आलेल्या राजमम्यांच्या घटनेवर आधारलेला आहे. डोंगरातील एक टोळी ह्या गुप्त साठ्यातील वस्तू विकून जगत आलेली. म्होरक्याच्या मृत्यूनंतर त्याच्या मुलांना हे गुपित कळते. थोरला ह्या धंद्यास नकार देतो आणि प्राणास मुकतो. धाकटा वनीस अखेर कैरोहून आलेल्या एफेंदीला, म्हणजे पुराणवस्तुखात्याच्या अंमलदाराला, ती जागा दाखवितो. पहाटेच्या अंधुक प्रकाशात शवपेट्यांची मिरवणूक नदीकडे निघते आणि सरकारी बोट त्या घेऊन जाते. पात्रे बोलतात ती प्रौढ ग्रंथस्थ अरबी.

दिग्दर्शकाने कोणालाही खलपुरुष केलेले नाही, हे ह्या चित्रपटाचे मोठेपण होय. एफेंदी प्रामाणिक आहे, विद्वान आहे, वस्तू वाचविण्याची त्याची कळकळ खरी आहे. पण बोटीतून उतरलेला हा अंमलदार काठावरच्या माणसांना ओळखत नाही. त्याला मृतांची लिपी वाचता येते, जिवंतांचे चेहरे नाहीत. वनीस आपल्या पूर्वजांना चोरांपासून सोडवितो, आणि त्याच क्षणी आपल्या माणसांना पारखा होतो. शेवटी तो रिकाम्या काठावर एकटा उरतो. नोकरीच्या निमित्ताने परमुलुखात कायदा घेऊन गेलेल्या कोणाही माणसाला ह्या प्रसंगाने अस्वस्थ करावे. ठेवा वाचला, पण तो ज्यांच्यासाठी वाचवावयाचा ते कोठे आहेत?

ह्या प्रश्नाची कसोटी पुढे युद्धांनी आणि दंगलींनी घेतली. लेबनॉनमधील यादवी युद्धात (१९७५–९०) बैरूतचे राष्ट्रीय संग्रहालय नेमके दोन्ही पक्षांच्या सीमारेषेवर आले. त्याचे प्रमुख मॉरिस शेहाब यांनी जड शिल्पांभोवती काँक्रीटच्या पेट्या ओतून घेतल्या, आणि त्यामुळेच ती वाचली. बगदादचे भाग्य तसे नव्हते. एप्रिल २००३ मध्ये, शहरात अमेरिकन फौजा असताना, तेथून सुमारे १५,००० वस्तू लुटल्या गेल्या. उरुकचा प्रसिद्ध कलश मात्र काही माणसांनी दोनच महिन्यांत मोटारीतून आणून परत केला. कैरोत २८ जानेवारी २०११ च्या रात्री संग्रहालयात चोर शिरले तेव्हा सामान्य नागरिकांनी हातात हात गुंफून इमारतीभोवती कडे केले. ज्या वास्तूच्या कपाळावर लॅटिन लिहिले होते ती त्या रात्री प्रथमच खऱ्या अर्थाने लोकांची झाली, असे म्हणण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. कारण ऑगस्ट २०१३ मध्ये त्याच देशात मल्लावीचे संग्रहालय जमावाने लुटले आणि हजारांहून अधिक वस्तू नाहीशा झाल्या. राजधानीतील वस्तू देशाची वाटते आणि लहान गावातील सरकारची, हा फरक केवळ शिपायांच्या संख्येने मिटणारा नाही.

एकविसाव्या शतकात ह्या चित्राचे केंद्र आखाताकडे सरकले आहे. दोहा येथे आय. एम. पेई यांनी रचलेले इस्लामी कलेचे संग्रहालय २००८ साली उघडले. अबू धाबीने २००७ च्या कराराने फ्रान्सकडून लूव्ह्र हे नावच भाड्याने घेतले आणि २०१७ साली ते दालन खुले केले. ह्या वैभवाला 'पैशाचा खेळ' म्हणून नाक मुरडणे सोपे आहे, परंतु न्याय्य नाही. दोह्यातच २०१५ साली बिन जलमूद ह्या जुन्या घरात हिंदी महासागरातील गुलामगिरीचे संग्रहालय उघडले. आपल्याच वाडवडिलांच्या पापाला दालन देणे, हे धैर्य पुष्कळ जुन्या राष्ट्रांनाही दाखविता आलेले नाही. मात्र ह्या देशांतील इमारती उभारणाऱ्या हातांत भारतीय हात पुष्कळ आहेत, आणि त्यांची कथा एखाद्या दालनात मानाने मांडली जाईपर्यंत ते धैर्य अपुरे राहील.

कैरोत १ नोव्हेंबर २०२५ रोजी पिरॅमिडांच्या शेजारी भव्य नव्या संग्रहालयाचे उद्घाटन झाले. तुतनखामेनच्या थडग्यातील सारा ठेवा तेथे प्रथमच एकत्र आला. परदेशी प्रवाशाला खेचणे हा त्यामागील एक हेतू उघड आहे, आणि गरजू देशाने तो बाळगण्यात गैर काही नाही. मात्र त्याच्या यशाचा हिशेब केवळ तिकिटांच्या उत्पन्नाने करता येणार नाही. ह्याच्या अगदी उलट टोकाला बीरझैत येथील पॅलेस्टिनी संग्रहालय आहे. २०१६ च्या मे महिन्यात त्याचे उद्घाटन झाले तेव्हा आत मांडावयास एकही वस्तू नव्हती. पुष्कळांना ते हास्यास्पद वाटले. पण येथे वारसदार आधी हजर झाले होते. ठेवा मागाहून यावयाचा होता.

अरबी काव्याची एक जुनी परंपरा आहे. इस्लामपूर्व कवींच्या कसीद्यांत प्रियेच्या तळाच्या विझलेल्या खुणांपाशी कवी थांबतो आणि सोबत्यांनाही थांबवितो. त्या राखेला आणि त्या दगडांना स्वतःची अशी किंमत नाही; तेथे कोण राहत होते हे ओळखणारा कोणी आला म्हणजेच त्या खुणा बोलू लागतात. अरबी देशांतील संग्रहालयांनी वस्तू मिळविल्या, राखल्या आणि आता दिमाखाने मांडल्याही. मल्लावीच्या मुलाला आणि डोंगरातल्या वनीसच्या वंशजाला ती ओळख करून देणे, हे त्यांचे पुढचे आणि अधिक अवघड काम आहे.