‘मेंढी-इंटरल्यूकिन-संच’ : एका समासाचा विग्रह

परीक्षण-संचासोबतच्या माहितीपत्रकाची गणना कोणी वाङ्मयात करीत नाही. तथापि प्रयोगाचे निष्कर्ष त्यातील विधानांवर उभे राहतात. म्हणून त्याची भाषिक चिकित्सा अप्रस्तुत ठरू नये.

मेंढीच्या रक्तद्रवातील इंटरल्यूकिन-६ सारखी दाहसूचक प्रथिने मोजण्यासाठी ‘एलायझा’ पद्धतीचे संच वापरतात. स्टॉकहोम येथे एंगवाल व पर्लमान यांनी ही पद्धत १९७१ साली मांडली. तिच्या प्रचलित रूपात एक प्रतिपिंड प्रथिनास धरून ठेवते व दुसरे विकराच्या साह्याने रंग उमटविते. रंगाच्या गडदपणावरून प्रमाण ठरते. बद्ध झालेले प्रथिन कोणते, हे मात्र रंग सांगत नाही.

शीर्षकातील सामासिक नावाचा विग्रह दोन प्रकारे संभवतो : मेंढीच्याच इंटरल्यूकिनविरुद्ध घडविलेला संच, किंवा मेंढीच्या नमुन्यासही चालणारा संच. गाय व मेंढी यांच्या प्रथिनांत निकटचे साम्य असल्याने गाईसाठी घडविलेली प्रतिपिंडे पुष्कळदा मेंढीसही लागू पडतात. परंतु ‘पुष्कळदा’ म्हणजे ‘नेहमी’ नव्हे. ‘विशिष्ट’ हे विशेषणही असेच सापेक्ष आहे. कोणत्या इतर प्रथिनांशी पडताळून पाहिले, हे सांगितल्यावाचून त्याला अर्थ येत नाही.

हा विग्रह अखेर प्रयोगानेच करावा लागतो. मेंढीचा रक्तद्रव क्रमाने विरल केल्यास मिळणारी घट प्रमाणवक्राशी समांतर असावी. त्यात मिसळलेले ज्ञात प्रमाण मापनात परत मिळावे. या कसोट्या वगळून प्रबंधात छापलेला आकडा कळपातील दाहाविषयी काहीच सिद्ध करीत नाही.