कितवीचं पाहिजे?

अप्पा बळवंत चौकात पुस्तकाच्या कुठल्याही काउंटरसमोर उभं राहा, पलीकडून पहिला प्रश्न येतो, ‘कितवीचं?’ पुस्तकाचं नाव नंतर, लेखकाचं त्याहून नंतर. जूनमध्ये तर हा प्रश्न इतक्यांदा विचारला जातो की विचारणारा मान वर करून बघतही नाही. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. बुधवार पेठेतला हा चौक पाठ्यपुस्तकं, गाइडं, अपेक्षित प्रश्नसंच, खाकी कव्हरं आणि डझनावारी वह्या यांच्यावर चालतो.

मागच्या जूनमध्ये भाचीला घेऊन गेलो होतो. ती सातवीत, इंग्रजी माध्यमात. आजीशी तिची पैज लागलेली: एक पुस्तक मराठीतून पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायचं. भाचीची अट अशी की ते हॅरी पॉटरसारखं असावं, पण तेवढं जाड नको. मी मोठ्या आत्मविश्वासानं म्हणालो, ‘भा. रा. भागवतांचं मुक्काम शेंडेनक्षत्र द्या.’ पलीकडचा मुलगा म्हणाला, ‘कितवीला आहे?’ दोन दुकानांत हेच झालं. तिसऱ्या दुकानातले काका मात्र नाव ऐकून हसले, शिडी लावून माळ्यावर चढले आणि भागवतांची दोन पुस्तकं घेऊन उतरले. मागितलेलं त्यांत नव्हतं. ‘हे कोणी मागत नाही हो आता,’ असं म्हणत त्यांनी धूळ पुसली. पाहिजे होतं ते अखेर माझ्याच घरच्या कपाटात, पाठीवरचा कागद उडालेल्या अवस्थेत सापडलं.

मराठीत अद्भुताला तोटा नाही. चिमुरड्यांसाठी पऱ्या, राक्षस आणि बोलके ससे आहेत. मोठ्यांसाठी नारायण धारप (1925–2008) आहेत. त्यांना पुन्हा शोधायला नव्या पिढीला 2018चा ‘तुंबाड’ लागला, ही गोष्ट वेगळी. अडचण मधल्या वयाची आहे. दहा ते चौदा वर्षांच्या मुलानं एका पावसाळी रविवारी हातात घ्यावी आणि रात्री झोपण्याआधी संपवावी, अशी शंभर-सव्वाशे पानांची अद्भुत कादंबरी मराठीत विरळ आहे. आहेत त्यांतल्या सर्वांत चांगल्या एकाच माणसानं लिहिल्या, त्याही बहुतेक उसनवारीच्या कथानकांवर. मराठी बालसाहित्याच्या आजच्या अवस्थेबद्दल माझं पहिलं म्हणणं हेच आहे.

सुरुवात वाईट नव्हती. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी हाती घेतलेल्या आणि त्यांचे चिरंजीव विष्णुशास्त्री यांनी पुढे नेलेल्या अरबी गोष्टींनी घराघरांत चटक लावली. मराठी कादंबरीचं पहिलं पर्व ‘मुक्तामाला’ आणि ‘मंजुघोषा’ यांचं, म्हणजे अद्भुताचंच. मग हरिभाऊ आपटे आले, कादंबरी जमिनीवर आली, आणि ते योग्यच झालं. नाथमाधवांनी सिंहगडावरच्या अपघातानं पाय गेल्यावर पडल्या पडल्या लिहिलेल्या ‘वीरधवल’नं (1913) तो धागा पुन्हा उचलला. आमच्या आजोबांच्या पिढीनं ती कंदिलाच्या उजेडात वाचली. पण ती जाडजूड, आणि तिची भाषा आजच्या सातवीला झेपणारी नाही.

भास्कर रामचंद्र भागवत (1910–2001) लोकांना माहीत आहेत ते फास्टर फेणेमुळे. फुरसुंगीचा बनेश फेणे, विद्याभवन शाळा, सायकल आणि जिभेचा तो ‘टॉक्’. वीस पुस्तकं, दूरदर्शनवर मालिका, 2017मध्ये सिनेमा. फेणे मला आवडतोच, पण त्याच्या साहसात अद्भुत नाही; चोर आहेत, हेर आहेत, वादळं आहेत. फेणेच्या सावलीत भागवतांचं दुसरं काम झाकलं गेलं, आणि माझ्या मते ते जास्त मोठं आहे. ज्यूल व्हर्नला त्यांनी मराठी मुलांच्या मापाचा करून दिला. ‘चंद्रावर स्वारी’, ‘समुद्रसैतान’, ‘पाताळलोकची अद्भुत यात्रा’ आणि ‘मुक्काम शेंडेनक्षत्र’ या चार पुस्तकांची शिफारस करायलाच हा लेख लिहायला बसलो.

या शेवटच्या नावाकडेच नीट पाहा. मूळ कादंबरी 1877ची, तिचं नाव नायकाच्या नावावरून, ‘हेक्टर सर्वादाक’. एक धूमकेतू उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्याला घासून जातो आणि जाताना जमिनीचा तुकडा, थोडा समुद्र आणि मूठभर माणसं घेऊन सूर्यमालेच्या फेरीला निघतो. दुसऱ्या कोणी ‘धूमकेतूवरील प्रवास’ असं नाव देऊन काम भागवलं असतं. भागवतांनी धूमकेतू हा पुस्तकी शब्द बाजूला ठेवला आणि आजीच्या तोंडचं शेंडेनक्षत्र घेतलं. त्याला शेंडी आहे, तो डोळ्यांपुढे उभा राहतो. आणि त्याआधी ‘मुक्काम’! पत्रावर आपण मुक्काम पोस्ट अमुक, तालुका तमुक लिहितो, तोच हा मुक्काम. अंतराळात भरकटलेल्या माणसांना त्यांनी एका शब्दात टपालाचा पत्ता देऊन टाकला. विज्ञान, विनोद आणि घरगुतीपणा दोन शब्दांत बसवणारं दुसरं नाव मराठी बालसाहित्यात मला चटकन आठवत नाही. अपवाद त्यांचाच: ‘उडती छबकडी’. उडत्या तबकडीचं असं नामकरण करायला कान लागतो.

व्हर्न ऐसपैस लिहिणारा. आकडे, अक्षांश-रेखांश, माशांच्या जातींच्या याद्या. भागवतांची कारागिरी अशी की हे सगळं त्यांनी आटवलं, पण पाणी घालून नव्हे. व्हर्नच्या धूमकेतूवर दिवस निम्म्यावर येतो, सूर्य पश्चिमेला उगवतो, माणूस साध्या उडीत कुठल्या कुठे जातो. सूर्यापासून लांब गेल्यावर समुद्र गोठतो आणि मंडळी ज्वालामुखीच्या पोटात बिऱ्हाड थाटतात. प्रत्येक चमत्कारामागे कारण आहे आणि ते कारण पात्रांना हळूहळू उमगतं. मुलांना परीकथेतून पुढे नेणारी पायरी हीच. छडी फिरवली आणि झालं, हे दहाव्या वर्षी पुरेनासं होतं. असं का झालं असेल, हा प्रश्न तेव्हा चव आणतो. भागवतांनी ती चव राखली आणि वाक्यं आखूड केली. संवाद वाड्याच्या चौकात ऐकू यावेत असे आहेत.

दोषही सांगितले पाहिजेत. मूळ व्हर्नमध्ये एका ज्यू व्यापाऱ्याचं चित्रण आहे, ते आज वाचवत नाही. मुलांच्या हातात पुस्तक देणाऱ्या मोठ्यांना हे माहीत असावं. दुसरा दोष भाचीनं काढला. ‘मामा, यात मुली कुठेयत?’ मी मोजू लागलो. व्हर्नच्या या चार कथानकांत मिळून प्रवासाला निघालेली मुलगी एकच, धूमकेतूवरची छोटी नीना, तीही आपल्या बकरीसकट. बाकी सगळ्या बायका घरी. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजून नाही. भरपाई म्हणून तिला ‘समुद्रसैतान’मधल्या कॅप्टन निमोचं गुपित सांगितलं: व्हर्नच्याच पुढच्या एका कादंबरीत तो बुंदेलखंडचा राजपुत्र निघतो. ती म्हणाली, ‘म्हणजे आपला?’ आणि ‘समुद्रसैतान’ उचललं.

भागवतांच्या शेजारी कोणाला ठेवता येईल? जी. ए. कुलकर्णींनी अखेरच्या वर्षांत दोन लहानशी पुस्तकं लिहिली, ‘बखर बिम्मची’ आणि ‘मुग्धाची रंगीत गोष्ट’. शनिवारवाड्यापासून हाकेच्या अंतरावर राहणाऱ्यांना बखर म्हणजे पानिपत आणि भाऊसाहेब. जीएंनी तो शब्द एका शेंबड्या पोराला बहाल केला. पुस्तक अप्रतिम आहे, पण ते मुलांपेक्षा मुलांकडे बघणाऱ्यांचं जास्त आहे. मोठ्यानं वाचून दाखवावं, स्वतः वाचायला देऊ नये, असा माझा अनुभव. जयंत नारळीकरांचं उलट. ‘वामन परत न आला’ आठवी-नववीच्या मुलाला खिळवून ठेवतं. तीन पावलांत सगळं व्यापणारा वामन आणि आपणच घडवलेलं बुद्धिमान यंत्र ही जोडी त्यांना सुचली, तेव्हा कृत्रिम बुद्धिमत्ता हे शब्द घरोघरी पोचले नव्हते. मात्र त्यांची माणसं गप्पा मारत नाहीत, व्याख्यानं देतात. कल्पना पहिल्या दर्जाची, संवाद फळ्यावरचे.

अद्भुत खपत नाही, असं प्रकाशक म्हणतात तेव्हा मला रत्नाकर मतकरींचं ‘अलबत्या गलबत्या’ आठवतं. हे जुनं नाटक 2018मध्ये पुन्हा आलं आणि वैभव मांगल्यांची चेटकीण बघायला मुलांनी नाट्यगृहं भरून टाकली. म्हणजे भूक आहे. पण रंगमंचावरची चेटकीण पुस्तकात आली की आई-वडिलांना अंधश्रद्धा दिसू लागते आणि शाळेच्या ग्रंथपालांना बोध सापडत नाही.

अनुवादांनी जागा भरली, पण जाड पुस्तकांनी. ‘हॅरी पॉटर आणि परीस’ हे नाव बाळ ऊर्ध्वरेषे यांनी फार सुंदर केलं. परीस म्हटलं की पुढचं काही समजावून सांगावं लागत नाही. टॉल्किनच्या महाकादंबरीला मुग्धा कर्णिकांनी ‘स्वामी मुद्रिकांचा’ केलं, तेही धाडसाचं काम. पण इंग्रजी माध्यमातल्या मुलाचं मराठी वाचन वयापेक्षा तीन-चार वर्षं मागे असतं, हे घरोघरचं सत्य आहे. बारा वर्षांच्या मुलीला बारा वर्षांची गोष्ट हवी असते आणि वाचनाचा दम आठ वर्षांचा असतो. तिच्यासाठी पुस्तकाचा पातळपणा ही उणीव नाही, तीच सोय आहे. चारशे पानांपुढे ती पैज हरणार.

बंगालीत हे कोडं सुटलेलं दिसतं. शीर्षेंदु मुखोपाध्यायांनी ‘मनोजदेर अद्भुत बाडि’पासून (1978) मुलांसाठी आटोपशीर अद्भुत कादंबऱ्यांची माळच लावली: भुतं, चक्रम शास्त्रज्ञ, पडके वाडे, विसराळू दरोडेखोर. या कादंबऱ्यांना ‘आनंदमेला’सारख्या नियतकालिकाचा आणि त्याच्या पूजा अंकाचा आधार होता, त्यात मुलांसाठी अख्खी कादंबरी छापायची रीत आहे. आपल्याकडे दिवाळी अंकांचा एवढा संसार, पण त्यात मुलांच्या कादंबरीसाठी पानं निघत नाहीत. बालभारतीच्या ‘किशोर’नं 1971पासून चांगले लेखक आणि चांगले चित्रकार मुलांपर्यंत पोचवले, त्याचं ऋण मोठं आहे. मासिक म्हटलं की मात्र गोष्ट चार-सहा पानांत आटपावी लागते.

याच्या मुळाशी साने गुरुजी आहेत, असं म्हटलं तर लोक अंगावर येतील. गुरुजींचा दोष नाही. ‘श्यामची आई’ (1935) तिच्या जागी उत्तुंग आहे. पण त्यानंतर मुलांच्या पुस्तकानं संस्कार केलेच पाहिजेत ही अट बसली आणि ती लिहिणाऱ्याच्या मानेवर अजून आहे. वास्तववादी बाजूला आपण उत्तम काम केलं. माधुरी पुरंदरे आणि ल. म. कडू यांच्यापुढे मान लवते. अद्भुताच्या बाजूला तशी रांग उभी राहिली नाही. म्हणून 2024चा साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार भारत सासणे यांच्या ‘समशेर आणि भूतबंगला’ला मिळाला तेव्हा मला पुस्तकाइतकाच त्याच्या नावाचा आनंद झाला. अकादमीच्या यादीत भूतबंगला!

कथानकं उसनी आणायची गरज तरी काय? याच पेठांच्या पोटात पेशव्यांच्या काळातलं बांधकाम आहे: कात्रजच्या तळ्यातून शहरातल्या हौदांना पाणी आणणारा भुयारी नळ, काही ठिकाणी माणूस उभा चालू शकेल एवढा. उन्हाळ्याच्या सुट्टीत एखाद्या वाड्याचा हौद उपसताना एक मुलगी त्या नळात उतरते आणि भलत्याच शतकात बाहेर येते, एवढं मी फुकट देऊन टाकतो. अशी कादंबरी माझ्या वाचनात नाही. कोणी लिहिलीच तर सव्वाशे पानांत आटपा, आणि शेवटी कोणाला शहाणं करू नका.

तोवर भागवत. अकरा वर्षांच्या पुढे ‘मुक्काम शेंडेनक्षत्र’पासून सुरुवात करा, मुलाला समुद्राची ओढ असेल तर ‘समुद्रसैतान’. ‘पाताळलोकची अद्भुत यात्रा’ तिसरी. ‘चंद्रावर स्वारी’ शेवटी, कारण तिच्यात गणित जास्त आणि पळापळ कमी. पहिलं प्रकरण तुम्ही मोठ्यानं वाचा आणि मग पुस्तक उघडं टाकून उठून जा. दुकानात मिळालं नाही तर बुधवार पेठेतच, लक्ष्मी रस्त्यावर, 1848पासूनचं पुणे नगर वाचन मंदिर आहे, तिथे विचारा. भाचीनं पैज जिंकली, आठ दिवस लागले. आजीनं कबूल केलेले दोनशे रुपये दिले, आणि पुस्तक मात्र स्वतः वाचायला ठेवून घेतलं. मला ते अजून परत मिळालेलं नाही.