डाव्या मागच्या पायाचं बोट

जिम कॉर्बेटचं ‘द मॅन-ईटिंग लेपर्ड ऑफ रुद्रप्रयाग’ 1940 च्या दशकाच्या अखेरीस आलं. त्याच्या शेवटी मेलेल्या बिबट्याच्या अंगाची एक कोरडी यादी आहे: लांबी, रंग, केस, मिशा, दात, जीभ, जखमा. रंग फिका, वाळल्या गवतासारखा. केस आखूड, हात लावला तर तुटतील असे. मिशा नाहीत. दात झिजलेले, एक सुळा मोडलेला. शिकारीच्या पुस्तकांत अशी मोजमापं असतातच, आणि गोष्ट संपली म्हणून बहुतेक वाचक ती ओलांडून पुढे जातात. मला मात्र सगळ्या पुस्तकातला सर्वांत दाट मजकूर हाच वाटतो. कारण ‘जखमा’ या शब्दापुढे कॉर्बेटने दोन गोळ्या शेजारीशेजारी मांडल्या आहेत. एक ताजी, उजव्या खांद्यात. दुसरी जुनी, डाव्या मागच्या पायाच्या गादीत. त्याच पायाच्या एका बोटाचा तुकडा आणि एक नखी गेलेली.

ताजी गोळी कॉर्बेटची, मे 1926 च्या सुरुवातीची. गोलाबराईच्या आंब्यावर रात्रीमागून रात्री बसून, खाली बांधलेल्या बकरीच्या गळ्यातल्या घंटीवर कान ठेवून त्याने ती झाडली. जुनी 1921 ची. रुद्रप्रयागच्या झुलत्या पुलाच्या मनोऱ्यांवर तरुण लष्करी अधिकारी बिबट्याची वाट पाहत बसले होते. बिबट्या पुलावर आला, बार झाला, सकाळी रक्त दिसलं आणि जनावर गेलं ते गेलंच. सरकारी हिशेबाप्रमाणे या बिबट्याने 1918 ते 1926 या काळात 125 माणसं मारली. म्हणजे त्या रात्रीच्या रक्तानंतरही पाच वर्षं तो खात राहिला. कॉर्बेट त्या अधिकाऱ्यांना दोष देत नाही, हळहळही व्यक्त करत नाही. तो फक्त पायाचं बोट नोंदवतो. एखादा हौशी लेखक इथे निदान एक उद्गारचिन्ह टाकून मोकळा झाला असता.

गोळ्यांची तुलना हा शिकाऱ्यांच्या गप्पांचा कायमचा विषय. सर सॅम्युएल बेकरने 1890 च्या ‘वाइल्ड बीस्ट्स अँड देअर वेज’मध्ये त्यावर तावातावाने लिहिलंय. त्याच्या काळात ‘एक्स्प्रेस’ रायफलींसाठी पोकळ टोकाच्या गोळ्यांची चलती होती. बेकरचा त्यांच्यावर राग, कारण त्या लागताक्षणी फुटतात. कातडीखाली मोठा खड्डा पडतो, पण आतल्या मर्मापर्यंत काहीच पोचत नाही. त्याच्या मते वाघासाठी शुद्ध, मऊ शिशाची भरीव गोळी हवी. ती आत शिरता शिरता पसरावी आणि पलीकडच्या बाजूला कातडीच्या आत येऊन थांबावी. आरपार गेली तर तिचा उरलेला जोर मागच्या झाडाला मिळाला, जनावराला नाही. जाड कातडीच्या जनावरांना मात्र कठीण केलेलं शिसं हवं.

कॉर्बेटच्या वेळेपर्यंत शिशावर धातूचं कवच आलं होतं. त्याची .275 रिग्बी ही हलकी रायफल 1907 साली चंपावतची वाघीण मारल्याबद्दल त्याला भेट मिळाली होती. तिचं काडतूस मूळचं जर्मन, 7 मिलिमीटरचं माउझर. बोअर शेतकरी हेच काडतूस घेऊन इंग्रजांशी लढले होते. रिग्बीने त्यात 140 ग्रेनची, म्हणजे सुमारे 9 ग्रॅमची, हलकी आणि वेगवान गोळी बसवली. टोकाला कवच उघडं ठेवलं की शिसं लागल्यावर फुलतं. कवच पूर्ण असलं की गोळी तशीच सरळ घुसत जाते. डब्ल्यू. डी. एम. बेल या शिकाऱ्याने आफ्रिकेत याच मापाच्या, पण जड आणि पूर्ण कवचाच्या गोळ्यांनी हत्ती मारले, मेंदूवर नेम धरून. बिबट्याचं अंग हत्तीपुढे केवढंसं! कातडी पातळ, छाती अरुंद. तिथे गोळीने लवकर फुलायला हवं, नाहीतर ती सुईसारखी निघून जाईल.

ही माहिती हाताशी ठेवून यादीकडे परत गेलं की एक गोष्ट दिसते. कॉर्बेट खांद्यात एकच ताजी जखम लिहितो. गोळी बाहेर पडल्याची जखम यादीत नाही. बोटाच्या तुकड्याचीही नोंद घेणारा माणूस असलं भोक विसरला असेल असं मला वाटत नाही. गोळी आतच राहिली असणार. बेकर खूश झाला असता. कॉर्बेटने मात्र त्यावर अवाक्षर खर्च केलेलं नाही. त्याच्या लेखनात गोळी कधीच स्वतंत्र पात्र होत नाही. ती जनावराच्या अंगावरच वाचावी लागते. माझ्या मते त्याच्या गद्याचं बळ इथेच आहे. जंगलात पावलाच्या ठशावरून जनावराचं वय आणि चाल ओळखणारा माणूस कागदावरही वाचकाला ठसाच देतो, निष्कर्ष देत नाही.

‘मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊं’मधली चंपावतची कथा हेच जास्त उघडपणे करते. तिथे एकाच प्रसंगात दोन हत्यारं आहेत. कॉर्बेटने बरोबर आणलेली मोजकीच काडतुसं संपतात. जखमी वाघीण समोर, म्हणून तो धावत जाऊन तहसीलदाराची बंदूक उचलतो. ती इतकी जुनी की नळी आणि मागचा भाग यांच्यात बोट दाखवावं अशी फट. दारूचा जोर तिथूनच निसटणार. उघड्या जबड्यावर धरलेला नेम चुकतो, गोळी पंजाला लागते आणि नंतर ती नखाने उकरून काढता येते, इतकी वरवर. वाघीण कोसळते, पण ती आधीच्या रायफलच्या गोळ्यांनी मरणपंथाला लागली होती म्हणून. शिकारकथेचा सर्वोच्च क्षण कॉर्बेट नखाने काढलेल्या गोळीवर आणून ठेवतो. बढाईच्या बरोबर उलट दिशेला जाणारी ही विनोदबुद्धी आहे.

त्याच कथेत आणखी एक गोळी आहे, कथा सुरू होण्याच्या कितीतरी आधी सुटलेली. वाघिणीचे उजवीकडचे सुळे मोडलेले निघतात, एक अर्धा तर दुसरा पार हाडापर्यंत. कारण, जुनी बंदुकीची जखम. तिला नेहमीचं भक्ष्य मारता येईना म्हणून ती माणसांकडे वळली, असं कॉर्बेट सांगतो. 436 माणसं! ज्याने तो बार काढला, त्याने घरी जाऊन ‘नेम हुकला’ एवढंच सांगितलं असेल.

शिकाऱ्यांच्या तुलनेत हेच निसटतं. अमुक गोळीने तमुक जनावर जागच्या जागी पडलं, हे सगळे सांगतात. लागली पण पडलं नाही, ते जनावर कोणाच्याच खात्यावर नसतं. बेकर निदान गोळी कुठे कमी पडली ते लिहितो, पण त्याचा जीव गोळीत अडकलेला. कॉर्बेटचा जीव त्या बोटात. ते बोट उडालं तेव्हा गोळी मऊ होती की कठीण, याने काडीचाही फरक पडला नसता.

‘मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊं’मधल्याच चौगडच्या वाघिणीच्या प्रसंगात त्या .275 रिग्बीचा वेगळाच गुण कामी येतो. डाव्या हातात पक्ष्याची अंडी, वाघीण खांद्यामागे काही फुटांवर, आणि उजव्या हाताने एकट्याने हळूहळू फिरवलेली रायफल. तिथे शिशाचं माप गौण. रायफल हलकी होती हे महत्त्वाचं. कॉर्बेट स्वतःच्या सुदैवाची कारणं देतो त्यांत अंडीही मोजतो. गोळ्यांची नाही, पण कारणांची तुलना करावी तर अशी.

हे सगळं नगर जिल्ह्यात बसून वाचताना काही जागी अडखळायला होतं. 2020 च्या ऑक्टोबरात पाथर्डी तालुक्यात बिबट्याने लहान मुलं उचलली, तेव्हा संध्याकाळी अंगणं ओस पडत होती. पुढे डिसेंबरात शेजारच्या करमाळ्यात वनखात्याच्या आदेशावरून एक नरभक्षक बिबट्या गोळी घालून मारला गेला. 1972 च्या वन्यजीव कायद्यानंतर गोळीची गाठ जनावराशी पडते ती अशा आदेशापुरतीच. परवान्यावर मिळणाऱ्या .315 रायफली आजही शेतावरच्या घरांत दिसतात, आणि खडकीच्या कारखान्याच्या काडतुसांच्या बुडावर ‘के. एफ.’ ही अक्षरं. पण त्या काडतुसांचा मऊ टोकाचा गुण आता कोणी जनावरावर पारखत नाही, हे बरंच.

जिल्ह्याच्या जुन्या शिकारीची आठवण मात्र एका आकड्यात उरली आहे. रॉबर्ट मॅन्सफील्ड नावाच्या इंग्रजाने 1809 ते 1829 या वीस वर्षांत नगरच्या माळावर 961 माळढोक मारले. माळढोकाचा नर 15 किलोच्या आसपास भरतो. उघड्या माळावर दुरूनच माणूस ओळखतो. असा पक्षी लांबून छर्रे खाऊनही उडतो आणि नजरेआड जाऊन पडतो, किंवा पंख ओढत कोल्ह्याच्या वाट्याला जातो. मॅन्सफील्डच्या आकड्यात ते पक्षी नाहीत. असू शकत नाहीत, कारण तो आकडा पिशवीत आलेल्यांचा आहे. कॉर्बेटच्या यादीसारखी एखादी ओळ, अमक्या पक्ष्याच्या पंखात जुने छर्रे सापडले अशी, त्या वीस वर्षांच्या हिशेबाला जोडलेली असती, तर 961 हा आकडा वाचायला कितीतरी अवघड गेला असता. 1979 साली सोलापूर आणि नगरच्या माळांवर माळढोक अभयारण्य जाहीर झालं तेव्हा हा आकडा दीडशे वर्षं जुना झाला होता, आणि कर्जत-श्रीगोंद्याकडे पक्षी शोधावे लागत होते.