ग्रूटबूम निकाल: हक्क मान्य झाला, घराचे काय?

निवाऱ्याच्या हक्काचा अभ्यास करताना दक्षिण आफ्रिकेच्या संविधान न्यायालयाने ४ ऑक्टोबर २००० रोजी दिलेल्या ग्रूटबूम निकालाचा उल्लेख तुम्हाला वारंवार आढळेल. सामाजिक-आर्थिक हक्क न्यायालयातून बजावता येतात हे दाखवून देणारा निकाल म्हणून त्याची जगभर प्रशंसा झाली आहे. मात्र ज्यांच्या नावाने हा निकाल ओळखला जातो, त्या आयरीन ग्रूटबूम २००८ मध्ये वारल्या तेव्हाही झोपडीतच राहत होत्या. खटला जिंकूनही घर का मिळाले नाही? हा प्रश्न मनात ठेवून आपण हा निकाल वाचू.

पार्श्वभूमी

केपटाऊन परिसरातील घरटंचाई ही केवळ गरिबीतून निर्माण झालेली नाही. वर्णद्वेषी राजवटीने कृष्णवर्णीय आफ्रिकनांना या भागात कायमचे वसू न देण्याचे धोरण ठेवले होते आणि त्यांच्यासाठी घरे बांधणे १९६२ पासून गोठवले होते. तरीही लोक कामासाठी येत राहिले आणि झोपडपट्ट्या वाढत गेल्या. १९९४ मध्ये लोकशाही सरकार आले. त्याने पाच वर्षांत दहा लाख घरांचे उद्दिष्ट जाहीर केले. पण प्रतीक्षायादी लांबच राहिली.

वॉलेसडीन ही अशीच एक वस्ती. तेथे नळ नव्हते, सांडपाण्याची सोय नव्हती, कचरा उचलला जात नव्हता आणि वीज होती ती शंभरातील पाचच झोपड्यांत. ग्रूटबूम आपल्या व बहिणीच्या कुटुंबासह सुमारे २० चौरस मीटरच्या झोपडीत राहत होत्या. काही रहिवाशांची नावे तर सात-सात वर्षे यादीत पडून होती. अखेर सप्टेंबर १९९८ मध्ये काही कुटुंबांनी जवळच्या मोकळ्या खासगी जमिनीवर झोपड्या उभारल्या. ती जमीन स्वस्त घरांसाठीच राखून ठेवलेली होती. मालकाने न्यायालयाचा आदेश मिळवला. मे १९९९ मध्ये, ठरल्या तारखेच्या एक दिवस आधी, नगरपालिकेच्या खर्चाने झोपड्या बुलडोझरने पाडून जाळण्यात आल्या. अनेकांना सामानही वाचवता आले नाही. वॉलेसडीनमधील जुनी जागा तोवर दुसऱ्यांनी घेतलेली होती. थंडीचा पाऊस तोंडावर असताना हे लोक खेळाच्या मैदानावर प्लॅस्टिकच्या आडोशाला आले. ते एकूण ३९० प्रौढ आणि ५१० मुले होते.

न्यायालयाने काय म्हटले

दक्षिण आफ्रिकेच्या संविधानाचे कलम २६ पुरेशा घराचा हक्क देते. उपलब्ध साधनांच्या मर्यादेत, टप्प्याटप्प्याने आणि वाजवी उपाय योजून हा हक्क प्रत्यक्षात आणण्याची जबाबदारी ते सरकारवर टाकते. न्यायमूर्ती झॅक याकूब यांनी लिहिलेल्या एकमताच्या निकालाने या तरतुदीतील 'वाजवी' हा शब्द केंद्रस्थानी आणला. सरकारची गृहयोजना दीर्घ पल्ल्याची होती, पण आज रात्री डोक्यावर छप्पर नसलेल्यांसाठी तिच्यात काहीच नव्हते. म्हणून ती त्या मर्यादेत वाजवी नाही, असे न्यायालयाने ठरवले.

या निरीक्षणाचे मोल कमी लेखू नका. पाच वर्षांनी पक्के घर मिळणार म्हणून आज उघड्यावर राहा, असे सरकारला म्हणता येत नाही, हे तत्त्व त्यातून निघाले. पुढे २००४ मध्ये आपत्कालीन निवाऱ्याचा स्वतंत्र कार्यक्रम आला, त्यामागे हाच निकाल होता.

कमतरता कोठे आहे

आता निकालाच्या शेवटी दिलेला आदेश वाचा. तो घोषणात्मक आहे. सरकारने काय करायला हवे हे तो सांगतो. कोणी, किती दिवसांत आणि किती लोकांसाठी, हे सांगत नाही. मानवी हक्क आयोगाने लक्ष ठेवावे असे निकालात म्हटले आहे, पण न्यायालयाने देखरेख स्वतःकडे ठेवली नाही. प्रत्येकाला निदान अमुक इतका निवारा मिळालाच पाहिजे, अशी किमान मर्यादा ठरवण्यासही न्यायालयाने नकार दिला.

या संयमाच्या बाजूने सबळ युक्तिवाद आहेत. खर्चाचे नियोजन हे निवडून आलेल्या सरकारचे काम आहे. शिवाय न्यायालयात आलेल्यांना आधी घर दिले, तर रांगेत थांबलेल्यांवर अन्याय होतो. दोन्ही मुद्दे खरे आहेत. पण मुदत घालून अहवाल मागवल्याने कोणाचीही रांग मोडत नाही. तसेच, खटला चालू असताना सरकारने देऊ केलेल्या तात्पुरत्या सोयी वेळेवर मिळाल्या नव्हत्या. सप्टेंबर २००० मध्ये त्यासाठी न्यायालयालाच आदेश काढावा लागला होता. आश्वासन कसे विरते याचा इतका ताजा अनुभव असतानाही अंतिम निकाल केवळ घोषणेवर थांबला, हा माझ्या मते त्याचा खरा दोष आहे.

येथे भारतातील तुलना उपयोगी पडेल. १९८५ च्या ओल्गा टेलिस निकालात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्कात समाविष्ट केला. मात्र मुंबईच्या पदपथांवरील झोपड्या पावसाळा संपल्यावर, ३१ ऑक्टोबरनंतर, हटवण्यास मुभाही दिली. दोन्ही निकालांतील तत्त्वे पाठ्यपुस्तकांत आली. त्या माणसांना मात्र वाटच पाहावी लागली.

म्हणून यापुढे असा कोणताही निकाल वाचताना तत्त्वापाशी थांबू नका. आदेशाच्या परिच्छेदापर्यंत जा आणि विचारा: उद्या सकाळी कोणाला, काय करावे लागणार आहे? त्याचे उत्तर निकालात नसेल, तर हक्क कागदावरच राहण्याचा धोका आहे.

विचारासाठी प्रश्न

१. योजना वाजवी आहे का, आणि या व्यक्तीला निवारा मिळाला का, हे दोन प्रश्न वेगळे कसे आहेत?

२. या खटल्यात तुम्ही न्यायाधीश असता, तर आदेशात कोणती मुदत व कोणती देखरेख लिहिली असती? रांगेतील इतरांना तुम्ही काय उत्तर दिले असते?