वर्गातला सर्व्हे आणि ‘आजचे विद्यार्थी’

‘मोबाईलचा विद्यार्थ्यांच्या अभ्यासावर होणारा परिणाम’ हा प्रकल्प तुम्ही केला नसेल, तर शेजारच्या बाकावरच्याने नक्की केला असेल. वर्गात प्रश्नावली वाटायची, टक्केवारी काढायची, रंगीत वृत्तालेख काढायचा आणि शेवटी लिहायचं, “यावरून असे दिसून येते की आजचे विद्यार्थी...”

शाळेतल्या चार गुणांच्या कामावर आता टीका कशाला? कारण हाच साचा पुढे एम.ए.च्या लघुप्रबंधात आणि पीएचडीच्या आराखड्यातही जसाच्या तसा येतो.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. वर्गमित्रांकडून माहिती घेणं ही चूक नाही. जे हाताशी आहेत त्यांनाच विचारणं, याला ‘सोयीचा नमुना’ म्हणतात आणि मोठे संशोधकही तो वापरतात. घोळ होतो तो शेवटच्या वाक्यात. चाळीस जण एका शाळेतले, एका वयाचे, बहुतेक एकाच परिसरातले. ते ‘आजचे विद्यार्थी’ कधी झाले?

“मग चारशे जणांना विचारू,” असं लगेच सुचतं. पण नुसती संख्या वाढवून भागत नाही. १९३६ साली अमेरिकेत ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने अध्यक्षपदाच्या निवडणुकीसाठी सुमारे एक कोटी मतपत्रिका पाठवल्या. वीस लाखांहून जास्त परत आल्या आणि अंदाज निघाला की लँडन जिंकणार. प्रत्यक्षात रूझवेल्ट यांनी ४८ पैकी ४६ राज्यं जिंकली. पत्ते घेतले होते टेलिफोन डिरेक्टरी आणि मोटारींच्या नोंदणीतून. म्हणजे मंदीच्या काळातही ज्यांचं बरं चाललं होतं, अशांचे. शिवाय उत्तर पाठवणारे आणि न पाठवणारे यांची मतंही सारखी नव्हती.

आता प्रश्न बघा. “मोबाईलमुळे तुमच्या अभ्यासावर परिणाम होतो का? हो/नाही.” यातून परिणाम मोजला जात नाही; परिणामाबद्दलचं मत मोजलं जातं. ज्याला अभ्यासाचा कंटाळा आहे तो जास्त मोबाईल बघतो, अशी उलटी दिशाही असू शकते. हो/नाहीमध्ये ती कुठे दिसणार?

आणि माझ्या मते सगळ्यात वाईट भाग म्हणजे वरचे रकाने: नाव, वडिलांचा व्यवसाय, मासिक उत्पन्न. फॉर्म गोळा करणारा उद्या त्याच बाकावर बसणार, आणि बाईंनी सांगितलंय की सगळ्यांनी भरा. अशा वेळी ‘मला नाही भरायचा’ कोण म्हणेल? भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत आरोग्य संशोधनासाठी पालकांच्या संमतीबरोबर सात वर्षांवरच्या मुलाची स्वतःची तयारीही विचारायला सांगितलंय. शालेय प्रकल्पाला ही तत्त्वं लागू होत नसतील, पण नकार देता यायला हवा हे तत्त्व तिथेच शिकायला हवं. नाहीतर मुलं दोनच गोष्टी शिकतात: खोटं भरणं आणि खोटं भरून घेणं.

मग करायचं काय? वर्ग तोच ठेवा, प्रश्न बदला. “आपल्या वर्गातली मुलं शाळेत कशी येतात आणि त्यांना किती वेळ लागतो?” असं विचारलं की वर्ग हा नमुना राहत नाही, तीच तुमची समष्टी होते. नाव नको, घडी घातलेली चिठ्ठी डब्यात टाकायची, कोरी टाकली तरी चालेल. आधी चार-पाच जणांवर प्रश्न तपासून बघा. कळत नसेल तर शब्द बदला. मग लिहा, “वर्गातल्या ४२ पैकी ३७ जणांनी उत्तर दिलं.” उरलेल्या पाच कोऱ्या चिठ्ठ्याही अहवालात आल्याच पाहिजेत.

आता तुमचा स्वतःचा आराखडा काढा. शीर्षक झाका. फक्त ‘नमुना’ आणि ‘प्रश्नावली’ हे दोन भाग वाचा आणि तेवढ्यावरून शीर्षक नव्याने लिहा. ते जुन्यापेक्षा लहान निघालं तर वाईट वाटून घेऊ नका. तेवढंच तुम्हाला सिद्ध करता येणार आहे.